रुग्णाजवळ थांबताना : रुग्णालयातला जंतुसंसर्ग टाळण्यासाठी नातेवाईकांनी आणि रुग्णांनी काय करावे

दाखल होताना रुग्णाच्या अंगात नसलेला आणि दाखल झाल्यावर साधारण ४८ तासांनंतर दिसू लागलेला जंतुसंसर्ग हा रुग्णालयात झालेला संसर्ग मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत दर १०० रुग्णांपैकी सुमारे ७ जणांना, तर अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १५ जणांना मुक्कामात असा किमान एक संसर्ग होतो. या फरकामागे गर्दी, अपुरे मनुष्यबळ, जवळजवळ लावलेल्या खाटा अशी अनेक कारणे आहेत आणि त्यांतली बहुतेक नातेवाईकांच्या हातात नाहीत. रुग्णाची काळजी घेताना पाळायची स्वच्छता मात्र त्यांच्या हातात आहे. परदेशी माहितीपुस्तिकांत नातेवाईक म्हणजे तासाभरासाठी भेटायला येणारा माणूस असतो. आपल्याकडे ससून असो, केईएम असो, संभाजीनगरची घाटी असो किंवा तालुक्याच्या गावातले वीस खाटांचे नर्सिंग होम असो, रुग्णाला भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे, युरीन बॅग रिकामी करणे ही कामे बहुधा घरचाच माणूस करतो. जो परिचारिकेची कामे करतो त्याला परिचारिकेचेच नियम लागू होतात. फक्त ते त्याला कोणी नीट शिकवलेले नसतात. पुढची माहिती त्याच्यासाठी आहे आणि ती दाखल होण्यापासून घरी परतेपर्यंतच्या क्रमाने दिली आहे.

दाखल होण्याआधी आणि पहिल्या दिवशी

केसपेपर काढल्यावर डॉक्टर किंवा सिस्टर विचारतील तेवढेच सांगून थांबू नये. रुग्ण गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या रुग्णालयात, विशेषतः आयसीयूमध्ये, राहिला होता का, कोणती प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) घेतली, एखाद्या कल्चर रिपोर्टमध्ये, म्हणजे रक्त, लघवी किंवा पू यांतले जंतू वाढवून केलेल्या तपासणीत, औषधांना दाद न देणारे जंतू आढळले होते का, घरात कोणाला क्षयरोग आहे का, अंगावर पुरळ किंवा जुलाब आहेत का, हे सारे आपण होऊन सांगावे. तालुक्याच्या ठिकाणाहून मोठ्या शहरात रुग्ण हलवताना घाईत फाइल मागेच राहते आणि नव्या ठिकाणी उपचार अंदाजाने सुरू होतात. रुग्णाला कोणत्या खोलीत ठेवायचे आणि कोणते प्रतिजैविक निवडायचे, हे दोन्ही निर्णय बऱ्याचदा त्या जुन्या कागदांवर अवलंबून असतात.

शस्त्रक्रिया आधीपासून ठरलेली असेल तर तयारी घरीच सुरू होते. मधुमेह असल्यास रक्तातली साखर आटोक्यात आणावी आणि विडी, सिगारेट शक्यतो चार आठवडे आधी बंद करावी, कारण वाढलेली साखर आणि धूम्रपान या दोन्हींमुळे जखम भरायला वेळ लागतो. आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी साबणाने स्वच्छ अंघोळ करावी. ‘डॉक्टरांचे काम सोपे व्हावे’ म्हणून शस्त्रक्रियेच्या जागेवर घरी वस्तरा किंवा रेझर फिरवू नये. रेझरने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि तिथेच जंतू घर करतात. केस काढणे खरोखर गरजेचे असेल तर रुग्णालयात क्लिपरने, म्हणजे त्वचा न खरवडता केस कापणाऱ्या यंत्राने, काढतात.

रुग्णाजवळ कोण थांबणार हेही आधीच ठरवावे. एकाच माणसाने किंवा आलटूनपालटून दोघांनी थांबणे सर्वांत बरे. सर्दी, ताप, डोळे आलेले किंवा हातावर पिकलेले गळू असलेल्याने थांबू नये. उलट्या-जुलाब झालेल्याने ते थांबल्यावर आणखी दोन दिवस तरी वॉर्डात येऊ नये. सोबतच्या पिशवीत सॅनिटायझरची छोटी बाटली, द्रवरूप साबण, हात पुसायला दोन लहान पंचे, नेलकटर आणि स्वतःची पाण्याची बाटली असावी. सोबतच्या माणसाला दोन खाटांच्या मध्ये सतरंजी टाकून झोपावे लागते हे वास्तव आहे, पण सकाळी ती सतरंजी गुंडाळून रुग्णाच्या पायथ्याशी ठेवण्याची सवय वाईट आहे. रात्रभर जमिनीवर असलेली वस्तू रुग्णाच्या चादरीवर येता कामा नये. ती वेगळ्या पिशवीत घालून खाटेखाली ठेवावी आणि पिशवीही जमिनीवर सरकवल्यावर खाटेवर उचलू नये.

हात

या लेखातला एकच भाग पाळायचा असेल तर हा पाळावा. वॉर्डातले बहुतेक जंतू हवेतून उडत येत नाहीत. ते हातावर बसून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात.

हात धुण्याच्या वेळा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. रुग्णाला हात लावण्यापूर्वी; भरवणे, औषध देणे किंवा एखाद्या नळीला, ड्रेसिंगला स्पर्श होईल असे कोणतेही काम करण्यापूर्वी; लघवी, शौच, उलटी, थुंकी, रक्त यांच्याशी संबंध आल्यानंतर; रुग्णाजवळून उठून जाताना; आणि रुग्णाला न शिवता केवळ त्याची खाट, चादर किंवा टेबल हाताळले तरीही. हातमोजे घातले तरी यातली एकही वेळ चुकवता येत नाही. मोज्यांना बारीक छिद्रे असू शकतात आणि ते काढताना हात बरबटतातच. एकच मोजे घालून बेडपॅन उचलायचा आणि त्याच हाताने पाणी पाजायचे, याला काळजी म्हणता येणार नाही.

हात डोळ्यांना दिसतील इतके मळलेले नसतील तर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर उत्तम. तळहातावर पुरेसा घ्यावा आणि तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांचे टोक आणि मनगट असे सर्वत्र चोळत २० ते ३० सेकंदांत तो आपोआप वाळू द्यावा. हात मळलेले, चिकट किंवा रक्ताळलेले असतील तर साबण आणि वाहते पाणीच हवे, आणि त्याला भिजवण्यापासून कोरडे करण्यापर्यंत ४० ते ६० सेकंद लागतात. रुग्णाला जुलाब होत असतील तेव्हाही साबण-पाणीच वापरावे, कारण जुलाब घडवणाऱ्या काही जंतूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही किंवा फारच कमी होतो. अंगठ्या काढून ठेवाव्यात. बांगड्या काढणे शक्य नसेल किंवा मनाला पटत नसेल तर त्या कोपराकडे सरकवून मनगटापर्यंत हात धुवावेत. धुतलेले हात पदराला, लुंगीला किंवा पॅन्टला पुसले की सारी मेहनत वाया जाते, कारण तोच कपडा दिवसभर बाकावर, जमिनीवर आणि रुग्णाच्या खाटेवर टेकलेला असतो. मोबाइलची तीच कथा आहे. हात धुऊन लगेच फोन घेतला तर हात पुन्हा धुवावे लागतात, म्हणून निदान रुग्णाला भरवताना तरी फोन खिशात राहू द्यावा.

जनरल वॉर्डातली एक चांगली रीत इथे थोडी आवरावी लागते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा मुलगा खाली चहाला गेला की आपण त्यांना उठवून बसवतो, पाणी देतो, त्यांचे सलाईन संपले की सिस्टरांना हाक मारतो. ही माणुसकी सोडू नये. मात्र एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना मध्ये सॅनिटायझर आलाच पाहिजे. शेजाऱ्याच्या जखमेला, नळीला किंवा लघवीच्या भांड्याला हात लावू नये, आणि भांडी, टॉवेल, थर्मामीटर, नेब्युलायझरचा मास्क यांची उसनवारी करू नये.

डॉक्टर किंवा सिस्टर हात न धुता रुग्णाजवळ आल्या तर काय करावे, हा अवघड प्रश्न आहे, कारण उपचार करणाऱ्याला दुखवण्याची भीती प्रत्येक नातेवाईकाच्या मनात असते. जाब विचारण्यापेक्षा सोय करून द्यावी. ‘सिस्टर, सॅनिटायझर इथे ठेवलाय हं,’ असे म्हणत बाटली पुढे करणे बहुतेक ठिकाणी पुरते. इंजेक्शनची सुई आणि सिरिंज नव्या पाकिटातून समोर काढली जाते ना, हेही पाहावे. नसेल काढली, तर तेवढ्यापुरता संकोच बाजूला ठेवून स्पष्ट विचारावे.

अंगाला जोडलेल्या नळ्या

रुग्णाच्या अंगात गेलेली प्रत्येक नळी हा जंतूंसाठी उघडलेला दरवाजा असतो. म्हणून रोजच्या राऊंडला एक प्रश्न विचारावा : ‘डॉक्टर, ही नळी आजही लागणार आहे का?’ कामाच्या रगाड्यात नळी काढायची राहून जाते आणि या साध्या प्रश्नाने ती आठवते.

लघवीची नळी घातल्यावर दर दिवसागणिक लघवीत जंतू आढळण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. बॅग नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली असावी, पण जमिनीला टेकता कामा नये. खरी चूक घडते ती रुग्णाला एक्स-रे किंवा सोनोग्राफीला नेताना. स्ट्रेचरवर घेतले की वॉर्डबॉय मामा घाईत ती बॅग उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवतात, आणि साचलेली लघवी उलट मूत्राशयाकडे वाहू लागते. बॅगेला झडप असली तरी तिच्या भरवशावर राहू नये. निघण्यापूर्वी बॅग रिकामी करून घ्यावी आणि ती स्ट्रेचरच्या कडेला खाली अडकवावी. रिकामी करण्याचे काम तुमच्याकडे असेल तर आधी हात धुवावेत, मोजे घालावेत, त्या रुग्णापुरते वेगळे भांडे घ्यावे, तोटी भांड्याला टेकू देऊ नये, बंद करून ती पुसावी, सिस्टरांना माप सांगावे आणि मोजे काढून पुन्हा हात धुवावेत. बॅग आणि नळी यांचा जोड कधीही सोडू नये. नळीभोवतीची जागा रोज साबण-पाण्याने स्वच्छ करावी; पावडर लावू नये.

हातातल्या सलाईनच्या सुईभोवतीची त्वचा दिवसातून दोन-तीनदा पाहावी. लाली, सूज, दुखणे, गरमपणा, ओलसरपणा किंवा चिकटपट्टी सुटलेली दिसली तर ताबडतोब सांगावे. ‘उद्या राऊंडला सांगू’ असे करू नये. ती जागा अंग पुसताना भिजू देऊ नये. शौचाला न्यायचे म्हणून सलाईनची नळी स्वतः सोडवून नंतर पुन्हा जोडण्याचे धाडस तर कोणीच करू नये. मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीत घातलेली मध्यवर्ती नळी (सेंट्रल लाइन) असेल, किंवा डायलिसिसची नळी असेल, तर तिच्या ड्रेसिंगला फक्त प्रशिक्षित हातच लागले पाहिजेत.

नाकातून पोटात गेलेल्या नळीने भरवण्याचे काम बहुतेक वेळा नातेवाईकांकडेच येते. सिस्टरांनी एकदा करून दाखवल्याशिवाय ते सुरू करू नये. भरवताना आणि त्यानंतर निदान अर्धा ते एक तास खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर असावे, नाहीतर अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. तयार पेज किंवा सूप सकाळी करून दुपारपर्यंत ठेवू नये आणि सिरिंज दर वेळी उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी. ऑक्सिजनच्या बाटलीतले पाणी संपले तर बिसलेरीचे किंवा नळाचे पाणी तीत ओतू नये. तिथे निर्जंतुक पाणीच लागते आणि ते भरण्याचे काम कर्मचाऱ्यांचे आहे.

टाक्यांवरचे ड्रेसिंग डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर पहिले ४८ तास उघडू नये. जखमेवर हळद, अंगारा, खोबरेल तेल यांपैकी काहीही लावू नये. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते.

दारावर पाटी लागली तर

रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवून दारावर सूचनेची पाटी लावली की घरचे हादरतात आणि शेजारचे कुजबुजू लागतात. पाटीचा अर्थ इतकाच असतो की या रुग्णाचे जंतू ज्या वाटेने पसरतात ती वाट बंद करायची आहे. वाटा तीन आहेत आणि प्रत्येकीची काळजी वेगळी आहे.

स्पर्शातून पसरणारे जंतू, म्हणजे अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू किंवा जुलाबाचे जंतू, असतील तर आत जाताना गाऊन आणि मोजे घालायचे आणि ते खोलीतच काढून टाकायचे. काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मोजे बाहेरून न शिवता उलटे काढावेत, हातांना सॅनिटायझर लावावा, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढावा आणि पुन्हा हात स्वच्छ करावेत; जुलाबाचे जंतू असतील तर साबण-पाण्यानेच. धडधाकट नातेवाईकाला हे जंतू सहसा त्रास देत नाहीत. पण त्याच्या हातावरून ते पुढच्या खाटेवरच्या केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णापर्यंत पोहोचू शकतात.

खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून पसरणाऱ्या आजारांत, उदाहरणार्थ फ्लूमध्ये, रुग्णाजवळ जाताना साधा तीन पदरी सर्जिकल मास्क नाक-तोंड पूर्ण झाकेल असा लावावा आणि हातांची काळजी घ्यावी.

तिसरी वाट हवेची. फुप्फुसाचा क्षयरोग, गोवर आणि कांजिण्या यांचे जंतू हवेत बराच वेळ तरंगत राहतात. इथे नातेवाईकाला एन-९५ मास्क लागतो, आणि तो खोलीत शिरण्यापूर्वी लावून बाहेर आल्यावरच काढायचा असतो. नाकावरची पट्टी दाबून जोरात श्वास सोडावा. कडेने हवा निसटत असेल तर मास्क नीट बसलेला नाही. दाट दाढीवर तो नीट बसतच नाही. दोन साधे मास्क एकावर एक लावले तरी एन-९५ तयार होत नाही. खुद्द रुग्णाला मात्र खोलीबाहेर नेताना साधा सर्जिकल मास्क लावतात, एन-९५ नव्हे. खोलीचे दार बंद ठेवावे. खिडकी उघडायची की नाही हे सिस्टरांना विचारावे, कारण साध्या खोलीत वाहती हवा हिताची असते, पण काही खास खोल्यांची हवा यंत्राने ओढून घेतात आणि तिथे खिडकी उघडल्यास ती व्यवस्था बिघडते. कांजिण्या किंवा गोवराच्या रुग्णाजवळ, ज्याला तो आजार होऊन गेला आहे किंवा ज्याने लस घेतली आहे, अशानेच थांबावे. गरोदर बाईने अशा खोलीत पाऊलही ठेवू नये.

डेंग्यूचे वेगळे आहे. तो माणसाकडून माणसाकडे थेट जात नाही, त्याला डास लागतो. पावसाळ्यात वॉर्ड डेंग्यूच्या रुग्णांनी भरतात तेव्हा रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवणे शेजाऱ्यांच्या हिताचे असते, कारण हा डास दिवसा चावतो.

भेटायला येणारे, डबा आणि प्रसाद

आपल्याकडे आजाऱ्याला बघायला न जाणे हे नाते तोडल्यासारखे मानतात. तरीही फोनवर ‘आत्ता येऊ नका, घरी आल्यावर या’ असे सांगण्याची जबाबदारी घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने घ्यावी, कारण त्याच्या बोलण्याचा कोणी राग मानत नाही. आलेल्यांनी रुग्णाच्या खाटेवर बसू नये आणि लहान मुलांना आणू नये. आयसीयूमध्ये आणि कर्करुग्णांच्या वॉर्डात फुले नेऊ नयेत, कारण फुलदाणीच्या पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात.

डबा घरचा असणे चांगलेच. फक्त तो गरम असतानाच भरावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत संपवावा. उरलेली भाजी रात्रीसाठी खाटेजवळच्या कपाटात ठेवू नये. तिथे मुंग्या आणि झुरळेही येतात. रुग्णालयाच्या दारात गाडीवर कापून ठेवलेली फळे घेऊ नयेत. अख्खी घेऊन, धुऊन, आपल्या सुरीने सोलावीत. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने ताजे शिजवलेले अन्न द्यावे आणि कोशिंबीर, न धुतलेली फळे, उघड्यावरची चटणी टाळावी. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारी गावाकडची अनेक कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात. अशा सामायिक ठिकाणी रुग्णाचे ताट, पेला आणि पाणी वेगळे ठेवणे आणि गर्दीत त्याला मास्क लावणे हे वॉर्डातल्या नियमांइतकेच महत्त्वाचे आहे.

प्रसाद आणि तीर्थ यांचा प्रश्न नाजूक असतो. ज्याला गिळता येत नाही, ज्याला नाकातून नळी आहे किंवा ज्याची प्रतिकारशक्ती फार घटली आहे, त्याच्या ओठांना तीर्थ लावणेही धोक्याचे ठरू शकते. प्रसाद उशाजवळच्या टेबलावर कागदात ठेवावा आणि नमस्कार करावा. देवाला ते चालते.

बाळंतीण आणि नवजात बाळ

बाळाला मुके घेऊ नयेत. सर्दी-खोकला किंवा ओठावर पुरळ असलेल्याने बाळाला घेऊच नये. नाळ कोरडी ठेवावी, तिला तेल, राख, हळद काही लावू नये. मध चाटवू नये, गुटी देऊ नये. वर्षभराच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर आजार होऊ शकतो. डोळ्यांत काजळ घालू नये. आईचे पहिले चिकाचे दूध काढून टाकायचे नसते, ते संसर्गापासून बाळाचे रक्षण करते. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर आत जाताना दर वेळी कोपरापर्यंत हात धुवावेत, मग आपण दिवसातून कितीही वेळा गेलो तरी.

कचरा आणि मळके कपडे

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताचा कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या आणि युरीन बॅग लाल पिशवीत, सुया पांढऱ्या जाड डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात जातात. नातेवाईकांनी केळ्याची साले आणि चहाचे पेले यांत टाकू नयेत, आणि सुई तर उचलूही नये. खाटेवर पडलेली दिसली तर सिस्टरांना सांगावे. मळलेली चादर झटकू नये, जमिनीवर टाकू नये, अंगापासून दूर धरून थेट पिशवीत घालावी. फरशीवर रक्त किंवा उलटी पडली तर स्वतः फडक्याने पुसून पसरवू नये. सफाईचे काम करणाऱ्या मावशींना बोलवावे आणि तोवर त्यावरून कोणाला जाऊ देऊ नये.

घरी परतल्यावर

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत चार गोष्टी विचारायच्या राहतात : ड्रेसिंग कधी आणि कोणी बदलायचे, अंघोळ कधीपासून करायची, प्रतिजैविक किती दिवस घ्यायचे आणि त्रास झाल्यास कोणत्या नंबरवर फोन करायचा. त्या कागदावर लिहून घ्याव्यात. प्रतिजैविक सांगितले तितके दिवस घ्यावे, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवू नयेत.

रुग्णाचे कपडे आणि चादरी गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. घरी रक्त किंवा उलटी सांडली तर मोजे घालून आधी कागदाने टिपून घ्यावे आणि मग बाजारात मिळणाऱ्या ४ ते ५ टक्क्यांच्या ब्लीचिंग द्रवाचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून ती जागा पुसावी. हा द्रव टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवाव्यात आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करावा, म्हणजे कचरा वेचणाऱ्याच्या हाताला इजा होणार नाही.

शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत, आणि सांधा किंवा प्लेट बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंत उद्भवू शकतो. त्यामुळे ‘टाके तर केव्हाच निघाले’ म्हणून जखमेकडे दुर्लक्ष करू नये. जखमेतून पू किंवा दुर्गंधी येणे, भोवती वाढती लाली, पुन्हा चढलेला ताप यांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. थंडी वाजून हुडहुडी भरणे, श्वास भराभर चालणे, लघवी अगदी कमी होणे, रुग्ण असंबद्ध बोलू लागणे किंवा गुंगीत जाणे ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, आणि डिस्चार्ज कार्डासोबत शेवटचा कल्चर रिपोर्टही बरोबर घ्यावा.